पारलिंगी पुरुषांचे दप्तर कोणी सांभाळावयाचे?

१९६२ च्या मे महिन्यात डलहौसी येथे लोबझांग जिवक हे नाव धारण केलेल्या एका इंग्रज बौद्ध श्रामणेराचे निधन झाले. वय अवघे सत्तेचाळीस. मृत्यूच्या काही दिवस आधी त्याने आपल्या आत्मचरित्राचे हस्तलिखित लंडनमधील वाङ्मयीन प्रतिनिधीकडे रवाना केले होते. या श्रामणेराचे पूर्वाश्रमीचे नाव मायकेल डिलन. जन्मसमयी त्याची नोंद मुलगी म्हणून झाली होती. ऑक्सफर्डला मुलींच्या नौकासंघातून त्याने वल्हे मारले होते. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक १९३५ मध्ये वेगळे काढण्यात आले आणि त्यानंतर चारच वर्षांनी डिलन ते घेऊ लागला. ब्रिस्टलमधील एका मोटारदुरुस्तीच्या कारखान्यात काम करीत त्याने युद्धाची वर्षे काढली. पुढे डब्लिनला वैद्यकीचे शिक्षण घेतले आणि त्याच काळात, युद्धात होरपळलेल्या सैनिकांचे चेहरे पुन्हा घडविणाऱ्या हॅरल्ड गिलीज या शल्यविशारदाकडून स्वतःवर एकामागून एक शस्त्रक्रिया करवून घेतल्या. १९४६ मध्ये त्याचा 'सेल्फ' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मन बदलता येत नसेल तर शरीर मनाला अनुरूप करणे हा वैद्यकाचा धर्म होय, असे त्यात त्याने बजावले होते. पण आपण स्वतःविषयी लिहीत आहोत हे मात्र सांगितले नव्हते.

आत्मचरित्रात ते सांगितले होते. त्याच्या निधनानंतर ते हस्तलिखित नष्ट व्हावे अशी घरच्यांची इच्छा होती. प्रतिनिधीने ते जपून ठेवले म्हणून ते वाचले, आणि अर्धशतकाहून अधिक काळ लोटल्यावर छापले गेले. एका माणसाने ते बंबात घातले असते, तर संप्रेरकांच्या मदतीने पुरुष म्हणून जगलेल्या पहिल्या काही व्यक्तींपैकी एकाची, आणि तीही स्वतः डॉक्टर असलेल्याची, साक्ष जगाला कधीच मिळाली नसती.

जन्मवेळी स्त्री म्हणून नोंदले गेले, परंतु पुरुष म्हणून जगतात, अशा माणसांना पारलिंगी पुरुष म्हणतात. यांचा इतिहास जपण्याचा प्रश्न हा केवळ ग्रंथपालांचा किंवा हौशी संशोधकांचा प्रश्न नव्हे. इतरांचा इतिहास हरवला तर अभिमानाला धक्का लागतो. यांचा इतिहास हरवला तर औषधाची मात्रा हरवते. कारण कोणते औषध किती घ्यावे, त्याने दहा-वीस वर्षांनी रक्तावर काय परिणाम होतो, कोणता डॉक्टर माणसासारखे वागवितो, याविषयीचे ज्ञान प्रदीर्घ काळ विद्यापीठांत नव्हतेच. ते या माणसांच्या पत्रांत, रोजनिशीत आणि सायक्लोस्टाइल केलेल्या पत्रकांत होते.

ज्ञान आणि डॉक्टर दोन्ही दुरावले म्हणजे काय होते याची साक्ष मृत्यूच्या नोंदी देतात. सॅन फ्रान्सिस्कोत जॅक बी गार्लंड नावाचा गृहस्थ १९३६ मध्ये मरण पावला, तो पोटातील अल्सर फुटून. त्याची शरीररचना मृत्यूनंतर उघडकीस आली आणि वृत्तपत्रांना खाद्य मिळाले. त्रेपन्न वर्षांनी, १९८९ मध्ये, स्पोकेन शहरात बिली टिप्टन हा जाझ वादक दगावला, तोही रक्तस्राव होणाऱ्या अल्सरनेच. त्याने डॉक्टर बोलावू दिला नव्हता. त्याचे गुपितही मृत्यूनंतरच फुटले. अल्सर हा काही १९८९ साली असाध्य रोग नव्हता. जॉर्जिया राज्यातील रॉबर्ट ईड्सची कथा याहून दारुण आहे. तो स्वतः डॉक्टरांच्या दारात गेला. १९९६ मध्ये त्याला अंडाशयाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले आणि दोन डझनांहून अधिक डॉक्टरांनी त्याच्यावर उपचार करण्याचे नाकारले. दाढी असलेला माणूस स्त्रीरोगतज्ज्ञाच्या प्रतीक्षाकक्षात बसला तर इतर रुग्णांना काय वाटेल, ही चिंता त्यांना रुग्णाच्या प्राणांपेक्षा मोठी वाटली. उपचार मिळाले तेव्हा वर्ष उलटले होते. १९९९ च्या जानेवारीत तो गेला. केट डेव्हिस यांच्या 'सदर्न कम्फर्ट' या माहितीपटामुळे त्याचे अखेरचे वर्ष तरी जगापुढे राहिले.

हे ज्ञान जमविण्याचा खर्च कोणी केला, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या अंगाने पाहण्याजोगा आहे. अमेरिकेत तो प्रथम एका धनिकाने केला. रीड एरिक्सन हा वडिलांच्या शिसे-उद्योगाचा वारस आणि स्वतः पारलिंगी पुरुष. १९६४ मध्ये त्याने आपल्या नावाचे प्रतिष्ठान काढले, हॅरी बेंजामिन यांच्या संशोधनाला पैसा दिला, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील केंद्राला साहाय्य केले, डॉक्टर, पोलीस, धर्मगुरू अशा निरनिराळ्या लोकांसाठी माहितीपुस्तिका छापल्या. हे कार्य थोरच म्हटले पाहिजे. परंतु १९७७ मध्ये प्रतिष्ठान बंद पडले आणि देशभर पत्रे पाठवून सल्ला मागणाऱ्यांचा आधारस्तंभच नाहीसा झाला. दानावर उभ्या राहिलेल्या ज्ञानाचे आयुष्य दात्याच्या लहरीइतके आणि प्रकृतीइतके असते.

त्यानंतर जे घडले ते अधिक मोलाचे आहे. एरिक्सनकडे पैसा होता. लू सलिव्हनकडे टंकलेखन यंत्र होते. मिलवॉकीत १९५१ मध्ये जन्मलेला, दहाव्या वर्षापासून रोजनिशी लिहिणारा, कचेरीत सचिवाची नोकरी करून पोट भरणारा हा तरुण. स्टॅनफर्डच्या केंद्राने त्याला शस्त्रक्रियेसाठी नाकारले, कारण त्याला पुरुषांविषयी आकर्षण होते. आणि 'खरा' पारलिंगी पुरुष स्त्रीवरच प्रेम करील असे तज्ज्ञांचे शास्त्र सांगत होते. रुग्णांनी तज्ज्ञांना हवी तीच उत्तरे द्यावयाची, त्या उत्तरांवरून तज्ज्ञांनी सिद्धान्त मांडावयाचे, आणि त्या सिद्धान्तावरून पुढच्या रुग्णांना पारखावयाचे, असे हे वर्तुळ होते. सलिव्हनने ते स्वतःच्या अनुभवाची नोंद करून, तज्ज्ञांशी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार करून भेदले. १९८० मध्ये त्याने पारलिंगी पुरुषांसाठी माहितीपुस्तिका काढली. १९८६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्यांची संघटना स्थापिली आणि पुढे तिचे वार्तापत्र चालविले. गार्लंडचे चरित्रही त्यानेच लिहिले, १९९० मध्ये. त्या वेळी तो एड्सने ग्रासलेला होता आणि पुढच्याच वर्षी, चाळीशीही न गाठता, मरण पावला. मरणाच्या दारात असलेला माणूस पन्नास वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाची वृत्तपत्रीय कात्रणे का जमवीत बसतो? सलिव्हनला ठाऊक होते की आपल्या आधी कोणी होऊन गेले हे न कळल्यामुळेच प्रत्येक नवा माणूस स्वतःला एकटा आणि वेडा समजतो. त्याच्या रोजनिश्या आज सॅन फ्रान्सिस्कोतील ऐतिहासिक संस्थेच्या दप्तरात आहेत. त्या संस्थेच्या स्थापनेतही त्याचा हात होता.

याच सुमारास कॅनडात रुपर्ट राज हा कार्यकर्ता १९८२ ते १९८८ या काळात 'मेटामॉर्फोसिस' हे पारलिंगी पुरुषांचे वार्तापत्र काढीत होता. राजचे वडील भारतीय वंशाचे, आई पोलिश. महाराष्ट्रातील वाचकाला या धडपडीवरून रघुनाथ धोंडो कर्वे आठवल्यावाचून राहणार नाहीत. विद्यापीठे आणि सरकार ज्या विषयाला शिवावयास तयार नव्हते, त्या विषयावर 'समाजस्वास्थ्य' १९२७ पासून संपादकाच्या मृत्यूपर्यंत, पदरमोड करून आणि खटले सोसून, निघत राहिले. राजची व एरिक्सनची कागदपत्रे आता व्हिक्टोरिया विद्यापीठाच्या पारलिंगी दप्तरखान्यात आहेत. तो समाजशास्त्रज्ञ एरन डेव्होर यांनी उभारला. सार्वजनिक विद्यापीठाने त्याला जागा, कर्मचारी आणि स्थैर्य दिले. एका श्रीमंताच्या मर्जीकडून सार्वजनिक संस्थेकडे झालेले हे स्थलांतर समाजवाद्यांनी विशेष लक्षात घ्यावे असे आहे.

बाजारपेठ हे काम करणार नाही. टेस्टोस्टेरॉन हे जुने, पेटंटची मुदत केव्हाच संपलेले औषध. घेणारे थोडे, त्यांतील पुष्कळसे गरीब. त्यांच्यावर तीस वर्षांनी काय परिणाम होतो हे शोधून काढण्यात कोणत्याही कंपनीला नफा नाही. याउलट ॲमस्टरडॅमच्या विद्यापीठीय रुग्णालयाने १९७२ पासूनच्या नोंदी सांभाळल्या, त्या राष्ट्रीय रोगनोंदणीशी जोडल्या, आणि १९१९ साली नव्हे, तर थेट २०१९ साली, १,२२९ पारलिंगी पुरुषांच्या अभ्यासावरून स्तनांच्या कर्करोगाविषयी काही विश्वासार्ह विधान करता आले: धोका इतर स्त्रियांपेक्षा कमी, परंतु इतर पुरुषांपेक्षा अधिक. एवढे एक वाक्य उच्चारण्यासाठी जवळजवळ चार तपांचे दप्तर लागले! रक्त प्रमाणाबाहेर दाट होत नाही ना हे तपासत राहावे लागते. पाळी थांबली तरी टेस्टोस्टेरॉन म्हणजे गर्भनिरोधक नव्हे. गर्भाशयमुख शाबूत असेल तर त्याची तपासणी चुकवू नये. या गोष्टी आज साध्या वाटतात. ब्रिटनमध्ये मात्र दवाखान्याच्या नोंदीत 'पुरुष' असे लिहिले की गर्भाशयमुखाच्या तपासणीचे बोलावणे आपोआप बंद होत असे, आणि ही व्यवस्था वर्षानुवर्षे चालू राहिली.

जमविलेले नष्ट करावयास मात्र तपे लागत नाहीत. माग्नुस हिर्शफेल्ड यांची बर्लिनमधील लैंगिक विज्ञानसंस्था १९१९ मध्ये स्थापन झाली. ६ मे १९३३ रोजी नाझी विद्यार्थ्यांनी ती लुटली आणि चार दिवसांनी तिचे ग्रंथ चौकात जाळले. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेत नव्या अध्यक्षांच्या आदेशानंतर सरकारी आरोग्यखात्यांच्या संकेतस्थळांवरून लिंगभावाचा उल्लेख असलेली पाने व आकडेवारी काढून टाकण्यात आली. त्यातील काही परत ठेवण्यासाठी डॉक्टरांच्या संघटनेला न्यायालयात जावे लागले. बर्लिन आणि वॉशिंग्टन एक नव्हेत, हे मान्य. पण ज्ञान एकाच ठिकाणी, एकाच सत्तेच्या हाती ठेवले तर ते एका सहीने अदृश्य होऊ शकते, हा धडा दोन्हीकडचा आहे. म्हणजे धनिकाच्या तिजोरीप्रमाणेच केवळ सरकारच्या कपाटावरही विसंबून चालणार नाही. स्वायत्त विद्यापीठे, सार्वजनिक ग्रंथालये आणि या लोकांच्या स्वतःच्या संघटना, तिन्हींकडे प्रती असाव्यात.

येथे एक अवघड मुद्दा उपस्थित होतो. दप्तर तारते तसे मारतेही. डिलन सरदारघराण्यातला. इंग्लंडच्या एका वंशावळीग्रंथाने, डेब्रेटने, त्याची नोंद सुधारून पुरुष वारस अशी केली. दुसऱ्याने, बर्कने, जुनीच ठेवली. १९५८ मध्ये हा विसंवाद वृत्तपत्रांच्या नजरेस आला, जहाजावर डॉक्टर म्हणून काम करीत असलेल्या डिलनचा पाठलाग सुरू झाला, आणि तो भारतात निघून आला. सारनाथ, लडाख आणि शेवटी डलहौसी, हा प्रवास एका नोंदीने घडविला. अमेरिकेतील डॉक्टर ॲलन हार्ट यांनी क्षयरोग वेळीच ओळखण्यासाठी क्ष-किरण तपासणीचा प्रसार करण्यात आयुष्य वेचले. १९६२ मध्ये निधन पावताना आपली पत्रे व छायाचित्रे नष्ट करावीत अशी त्यांची इच्छा होती. इतिहासकाराला हळहळ वाटेल, परंतु ज्याचे जीवन त्याचा अधिकार पहिला. राजवाड्यांनी दारोदार हिंडून मराठ्यांचे कागद जमविले ते मृतांचे होते. येथे कागदांचे धनी पुष्कळदा हयात आहेत, नोकरी करीत आहेत, भाड्याच्या घरात राहात आहेत. त्यांची संमती, नाव झाकण्याची सोय आणि दिलेला कागद परत मागण्याचा हक्क यांवाचून केलेला संग्रह ही पाळत ठरेल.

आपल्या देशातील स्थिती आणखी निराळी आहे. हिजडा समाजाला गुरु-चेल्याची परंपरा आहे, घराणी आहेत; त्या व्यवस्थेत शोषणही आहे, पण तोंडी ज्ञान एका पिढीकडून दुसरीकडे जाण्याची वाट तिने राखली. पारलिंगी पुरुषांना अशी वाट नाही. ते बहुधा मुलगी म्हणून घराच्या चार भिंतींत वाढतात, लग्नाच्या सक्तीला तोंड देतात, पळून गेले तर पोलीस त्यांना परत आणतात. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात स्वतःचे लिंग स्वतः ठरविण्याचा अधिकार पुरुष म्हणून जगू इच्छिणाऱ्यांनाही मान्य केला. तरी 'तृतीयपंथी' म्हटले की जनमानसात जे चित्र उभे राहते त्यात त्यांना स्थानच नसते. मुंबईतील लाबिया या गटाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास आणि ए. रेवती यांनी २०१६ च्या आपल्या पुस्तकात पारलिंगी पुरुषांना दिलेली जागा, असे मोजके अपवाद आहेत. एरवी कोणता शल्यविशारद बरा, कोणत्या तपासण्या कराव्यात, हे एकाने दुसऱ्याला फोनवर सांगावयाचे, अशीच रीत.

भाकरीचा प्रश्न सुटलेला नसताना मूठभरांच्या या प्रश्नात चळवळीने का शिरावे, अशी शंका काही जुन्या सहकाऱ्यांना येईल. शस्त्रक्रियेसाठी कर्ज काढणारा, ओळखपत्रावरील नाव आणि चेहरा जुळत नाही म्हणून कारखान्याच्या दारातून परत पाठविला जाणारा मनुष्य भाकरीच्या प्रश्नाबाहेर कसा, हे त्यांनीच सांगावे. आणि कागदपत्रांविषयी चळवळीचा अनुभव तरी काय आहे? कार्यकर्ता वारला की त्याच्या ट्रंकेतील पत्रे तेराव्याच्या आत रद्दीवाल्याकडे जातात. आज पन्नाशी-साठी गाठलेले पारलिंगी पुरुष महाराष्ट्रात आहेत. त्यांच्या मुलाखती मराठीत, त्यांच्याच शब्दांत ध्वनिमुद्रित करणे, वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांनी त्यांच्या उपचारांच्या नोंदी नाव गुप्त ठेवून दीर्घकाळ सांभाळणे, आणि विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी या संग्रहासाठी एक खोली व एक पगारी जागा मंजूर करणे, यास फार मोठा निधी लागत नाही. येत्या अंदाजपत्रकी अधिवेशनाआधी पक्षाच्या आमदारांनी ही मागणी लेखी स्वरूपात मांडावी, आणि तिचा मसुदा प्रथम या लोकांच्या संघटनांना दाखवून घ्यावा.