सदतीस रुपये वीस पैसे

आमच्या शाखेत एक बचत खातं होतं. शिल्लक ३७ रुपये २० पैसे. खातेदार वैनगंगेकाठच्या एका खेड्यातला शेतकरी. त्यानं या खात्यात शेवटचा व्यवहार केला तेव्हा मी कॉलेजात ताळेबंद जुळवण्याचा अयशस्वी प्रयत्न करत होतो. (पुढे बी.कॉम. झालो. ताळेबंद अजून जुळायचा आहे.)

आता या ३७ रुपयांचं बँकेनं काय करावं? चहा मागवावा, असं तुम्ही म्हणाल. आमच्या शिपायाचंही तेच मत होतं. पण तसं चालत नाही. दोन वर्षं खातेदारानं काही हालचाल केली नाही की खातं निष्क्रिय म्हणायचं. मात्र निष्क्रिय झालं म्हणून व्याज थांबवायचं नाही. (आमच्या शाखेतल्या काही माणसांनाही हाच नियम लागू आहे.) खातेदाराला पत्र टाकायचं, उत्तर आलं नाही की वारसाचा माग काढायचा. दहा वर्षं झाली की रक्कम रिझर्व्ह बँकेकडच्या निधीत पाठवायची. २०१४ पासून तशी योजनाच आहे. आणि त्यानंतरही, दहा काय नि तीस काय, कितीही वर्षांनी खातेदाराचा नातू कागदपत्रं घेऊन उभा राहिला तर ‘या, बसा’ म्हणून त्याचे पैसे त्याला मोजून द्यायचे. २०२३ मध्ये तर रिझर्व्ह बँकेनं ‘उद्गम’ नावाचं पोर्टल काढलं. त्यावर घरबसल्या आजोबांचे विसरलेले पैसे शोधता येतात.

आम्ही पत्र टाकलं. ते परत आलं. पाकिटावर शेरा होता : ‘गाव राहिले नाही.’ खरंच राहिलं नव्हतं. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं होतं. मग आम्ही दोघं जण मोटारसायकलवरून पुनर्वसनाच्या नव्या गावठाणात गेलो, ओट्याओट्यावर विचारत फिरलो आणि खातेदाराची म्हातारी शोधून काढली. पेट्रोलचा खर्च किती झाला ते कृपया विचारू नका.

हा सगळा आटापिटा मला मनापासून आवडतो. त्यात कारकुनी खुळेपणा आहे, मान्य. पण एखाद्यानं विश्वासानं आपल्याकडे काही ठेवलं तर ते सांभाळावं, आणि तो आला नाही तर आपण त्याला शोधत जावं, ही रीत काही वाईट नाही. म्हणूनच दुसऱ्या एका पेढीवर माझा जो राग आहे तो मला आज मोकळा करायचा आहे. ती पेढी गप्पांची.

१ मे १९९९ ला गोंदिया वेगळा जिल्हा झाला आणि निम्मं भंडारा म्हणू लागलं, आता आपण लहान झालो. नेमकं त्याच सुमारास जग मात्र आमच्याकडे यायला निघालं होतं. याहूचा मेसेंजर आदल्याच वर्षी ‘पेजर’ या नावानं जन्मला होता आणि मायक्रोसॉफ्टचा त्या जुलैत आला. मी या मंडळींना निरोपे म्हणतो. भंडाऱ्याला येताना हे निरोपे वरठी स्टेशनवर उतरून रिक्षाची वाट पाहत बसले असावेत, कारण गावात ते दोनएक वर्षं उशिरा पोचले. प्लायवूडच्या खुराड्यांचा सायबर कॅफे, तासाला तीस रुपये, चप्पल बाहेर काढायची. आत शिरून अनोळखी माणसाशी बोलू लागलं की पहिला सवाल यायचा ‘एएसएल?’ म्हणजे वय, लिंग आणि ठिकाण यांचा एका दमात पंचनामा. मी प्रामाणिकपणे ‘भंडारा’ असं लिहायचो. पलीकडून विचारणा व्हायची, ‘कुठल्या देवळात?’

पण माझी खरी गोष्ट याच्या पुढची आहे. बँकेत लागलो आणि दोन वर्षांतच साहेबांनी मला चिपळूणला पाठवलं. भंडाऱ्याचा माणूस कोकणात म्हणजे धानाचं रोप समुद्रात. घरी बाबा आणि आई. बाबा तार खात्यातून नुकतेच निवृत्त झालेले. मोर्सच्या कट्‌-कड्डमध्ये त्यांची उमेद गेलेली. मी त्यांना कॅफेत नेऊन एका निरोप्याकडे त्यांचं खातं उघडून दिलं. (कुठल्या ते सांगत नाही. मेलेल्याचं वाईट बोलू नये.) की-बोर्ड पाहून बाबा म्हणाले, ‘‘एका बटणावर अख्खा हिंदुस्थान बोलत होता. याला एवढी बटणं काहून लागतात?’’

रोज संध्याकाळी पाच वाजता ते इस्त्रीचा सदरा घालून कॅफेत जात. पण सवय तारेची. शब्दाला पैसे पडतात, हे हाडात मुरलेलं. ‘‘बाबा, इथं शब्दाला पैसे नाहीत,’’ असं मी शंभरदा सांगितलं. ‘‘नसतील. म्हणून उधळायचे का?’’ मग एकेक शब्द वाचवण्यासाठी ते दहा-दहा मिनिटं विचार करत, आणि कॅफेवाला पैसे घ्यायचा तासावर. मी सतरा ओळींत शाखाधिकाऱ्याचा छळ वर्णन करावा आणि पलीकडून यावं : ‘समजले.’ एकदा त्यांचं बोट भलत्याच बटणावर पडलं आणि माझ्या पडद्यावरची चौकट गदागदा हलली. पाठोपाठ मजकूर आला : ‘धक्क्याबद्दल क्षमस्व.’ नेहमीचा निरोप असा असे : ‘पाऊस बरा. रोवणी आटोपली. आई ठीक. तू जेव.’

आणि २००८ मध्ये एक दिवस आला तो हा : ‘मुलगी पाहिली. बी.ए. हसते. ये.’

मी गेलो. ती हसली. पुढचं सगळं तुम्हाला माहीत आहे, कारण तुमचंही झालेलंच आहे.

बाबा २०११ मध्ये गेले. तोवर माझी बदली भंडाऱ्याला झाली होती आणि ती खाती नुसती पडून होती. मला वाटलं, पडून आहेत म्हणजे आहेत. बँकेत काम करणाऱ्या माणसाचा हा बावळटपणा समजून घ्या. आमच्याकडे पडून असलेली वस्तू असते.

मग दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी मुलीनं आईला विचारलं, आजोबांनी तुझ्याबद्दल काय लिहिलं होतं? आमची ही म्हणाली, ‘‘दाखवा की तिला. बाबांनी एका शब्दात मला ओळखलं. तुम्हाला पंधरा वर्षांत एक ओळ सुचली नाही.’’ मी मोठ्या ऐटीत संगणकासमोर बसलो. परवलीचा शब्द आठवेना. मग गुप्त प्रश्न आला : तुमचे आवडते शिक्षक कोण? वयाच्या पंचविशीत या प्रश्नाला मी काहीतरी थाप मारली होती एवढं आठवत होतं, पण कुठली थाप ते आठवेना. तासाभरानं कळलं की खटाटोप व्यर्थ आहे, पेढीच बंद झाली आहे. तशी नोटीस आली होती म्हणे. आली होती ती आमच्या त्या काळच्या टपालपेटीत. म्हणजे ज्या घराला कुलूप लागलं आहे, त्याच्या दारावर घर पाडण्याची नोटीस.

हे एकट्या माझ्या निरोप्यानं केलेलं नाही. घराणंच अल्पायुषी. मायक्रोसॉफ्टचा २०१३ मध्ये आटोपला. अमेरिकेत एके काळी घरोघर असलेला एओएलचा १५ डिसेंबर २०१७ ला गेला, याहूचा १७ जुलै २०१८ ला. आपल्याकडचा ‘हाइक’ जानेवारी २०२१ मध्ये. सगळ्यांत म्हातारा आयसीक्यू, १९९६ चा जन्म, तो २६ जून २०२४ ला. स्काइप ५ मे २०२५ ला, पण त्यानं जाताना लोकांचे जुने संवाद मायक्रोसॉफ्टच्याच दुसऱ्या सेवेत हलवण्याची सोय दिली. हे त्याच्या जमेला लिहिलं पाहिजे. याहूनं जुने संवाद उतरवून घ्यायला सहा महिने दिले. सहा महिने! आमच्याकडे सहा महिन्यांत माणूस पासबुक भरून घ्यायलासुद्धा येत नाही.

आमच्या शाखेत एक तरुण सहकारी आहे. त्याला माझा हा राग समजत नाही. तो म्हणतो, ‘‘सर, फुकट होतं ना सगळं? मग तक्रार कसली?’’ अरे, बचत खातं उघडायचे तरी आम्ही कुठे पैसे घेतो? तुझी ठेव आम्ही दुसऱ्याला कर्जानं देतो आणि त्यावर आमचं पोट चालतं. त्या पेढ्या आमची गर्दी जाहिरातदारांना दाखवत होत्या. बाबा दहा मिनिटं एका शब्दासाठी पडद्याकडे बघत बसायचे तेव्हा बाजूला जाहिराती लागलेल्याच असत. फुकट कुणी कुणाला बसू दिलं नव्हतं.

दुसरा मुद्दा त्यानं काढला तो बॅकअपचा. आपला आपण घेऊन ठेवायचा. म्हणजे रोज संध्याकाळी ठेवीदारानं बँकेत येऊन आपले पैसे घरी न्यायचे, आणि नेले नाहीत तर चूक त्याची. मग बँक कशाला, मडकं काय वाईट होतं? (सुरुवातीच्या काही गप्पा कॅफेच्या यंत्रातच राहिल्या. ते यंत्र भंगारात गेलं आणि कॅफेचं मोबाइलचं दुकान झालं, ते सोडा.)

तिसरा मुद्दा मीच काढतो, कारण तो त्याला सुचायचा नाही. पेढी बंद होणं हे पाप नव्हे. १ एप्रिल २०२० ला दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या. पाट्या बदलल्या, पासबुकं बदलली, आमचे सहीशिक्के बदलले, पण कुणाचा रुपया पाटीबरोबर उतरला नाही. हे जमतं, कारण भंडाऱ्याचा चेक कुठल्याही बँकेत वटावा असं आधीच ठरलेलं असतं. निरोप्यांच्या दुनियेत याहूवरचा माणूस मायक्रोसॉफ्टवरच्या माणसाशी २००६ पर्यंत बोलूच शकत नव्हता. प्रत्येकाचा गढीसारखा वेगळा कोट. गढी पडली की आतली माणसं आतच.

आणि तार? तारसुद्धा बंद झालीच की. १४ जुलै २०१३ ला शेवटच्या तारा घेतल्या गेल्या. देशभर लोक रांगा लावून स्वतःलाच तारा करत होते. बाबा असते तर त्यांनी एका शब्दाची केली असती. पण तार बंद झाल्यामुळे आमच्या घरातली एकही तार नाहीशी झाली नाही. आजोबा अत्यवस्थ असल्याची १९७४ ची तार आईच्या ट्रंकेत डांबरगोळ्यांच्या वासात अजून आहे. खातं बुडालं, कागद आमच्यापाशी राहिला. निरोप्यांनी कागद स्वतःपाशी ठेवला आणि खात्याबरोबर तोही नेला.

तुम्ही म्हणाल, कोण वाचणार आहे तुमचं ‘पाऊस बरा’? म्हणून त्या म्हातारीकडे परत जाऊ. कागदपत्रं पूर्ण झाली, व्याज धरून जे काही सत्तरएक रुपये झाले ते तिनं लुगड्याच्या शेवाला बांधले. पण उठेना. मग हळूच म्हणाली, ‘‘त्याइची सही हाये का जी तुमच्यापाशी?’’ होती. नमुना सहीचं कार्ड कपाटात होतं. आडनावाची शेवटची दोन अक्षरं चौकटीबाहेर गेलेली. म्हातारी ते कार्ड हातात घेऊन बराच वेळ बघत बसली. तिला वाचता येत नव्हतं. ‘‘सही शिकले तवा महिनाभर भितीवर लिवत होते जी. म्या सारवून टाको, त्ये परत लिवत.’’ ती भिंत आता पाण्याखाली आहे. रांगेतली माणसं ओरडायला लागली होती. मी त्यांना ‘सर्व्हर डाऊन’ म्हणून सांगितलं. नोकरीत एवढी एक थाप मी अभिमानानं मारली आहे.

माझं मागणं फार नाही. माणसांच्या गप्पा साठवणाऱ्यानं त्यांना ठेव समजावं. पेढी बुडवायची तर बुडवा, पण आधी निदान दहा वर्षं सांभाळा, खातेदार सापडला नाही तर वारसाला शोधा आणि त्याच्या हातात त्याला वाचता येईल असं काहीतरी द्या. आमच्याकडे १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार चार नॉमिनी लावता येतात. २०२३ च्या डिजिटल माहितीच्या कायद्यातही आपल्यामागे आपले हक्क बजावायला माणूस नेमण्याची तरतूद लिहिली आहे. लिहिली आहे हे चांगलंच झालं. पण बंद पेढीच्या दारात तो नेमलेला माणूस काय करील, हे मला कुणीतरी समजावून सांगावं. सत्तर रुपयांसाठी दोन माणसं मोटारसायकलवर पाठवणारा देश ‘हसते’ या शब्दासाठी एक पोस्टकार्ड टाकायला लावू शकत नाही?

तोवर मी माझ्यापुरता उपाय केला आहे. लांब वह्या मिळतात तशी एक लाल पाठीची वही आणली आहे. दर रविवारी व्हॉट्सअ‍ॅपवरचे घरच्यांचे निरोप तीत तारीखवार उतरवतो. आमच्या हिनं कपाळाला हात लावला. अडचणीही आहेत. आईच्या मावसबहिणीकडून रोज पहाटे फुलांसकट सुप्रभात येतं, ते प्रत्येक वेळी लिहायचं की महिन्याअखेर एकदम टाकायचं, हा हिशेबशास्त्राचा गंभीर प्रश्न आहे. गेल्या रविवारची शेवटची नोंद मुलीच्या निरोपाची : ‘बाबा येताना दूध.’ शब्द तीन. आजोबांवर गेली आहे. ते मी सुवाच्य अक्षरात उतरवलं, खाली रेघ मारली, तारीख घातली.

दूध आणायचं राहिलं.