शांततेचा सातबारा

इंग्लंडहून परत आलेला मराठी माणूस ओळखायला पासपोर्ट बघावा लागत नाही. पहिले पंधरा दिवस तो डोळे मिटून बोलतो. "काय ती झाडी! काय ती शांतता! पान पडलं तरी ऐकू येतं हो!" एवढं झालं की डोळे उघडतो, गॅलरीतून खाली बघतो आणि मोठा सुस्कारा टाकून म्हणतो, "आपल्या लोकांच्या रक्तातच नाही ते!"

या रक्ताच्या सिद्धान्ताशी माझं भांडण आहे. मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. रक्ताशी माझा संबंध वर्षातून एकदा साखर तपासण्यापुरता. पण बँकेच्या काउंटरवर वीस-बावीस वर्षं काढल्यावर एक गोष्ट पक्की कळते. कोणाच्याही खात्यावर शिल्लक दिसली, की ती कधीतरी, कुणीतरी भरलेली असते. इंग्रजाच्या खात्यावर एवढी शांतता दिसते, तर तिचा भरणा कोणी केला, हे विचारायला नको का?

मेव्हण्याच्या कृपेनं मी ते खातं जवळून पाहून आलो. लंडनच्या ईशान्य कडेला एपिंग फॉरेस्ट नावाचं जंगल आहे. लांबी सुमारे बारा मैल, क्षेत्रफळ सहा हजार एकरांच्या आसपास. जायला भुयारी रेल्वेची सेंट्रल लाइन. म्हणजे दादरला बसून कल्याणला उतरावं आणि समोर ताडोबा, असा मामला. जंगलातल्या एका भागाचं नाव हाय बीच. ते ऐकून आमच्या मंडळींनी चप्पल बदलली होती. पण तिथे समुद्र नाही, बीच नावाची झाडं मात्र भरपूर आहेत. शेजारी थेडन बॉइज नावाचं गाव आहे. त्या गावानं रस्त्यावर दिवे नकोत असा हट्ट धरलाय आणि तो टिकवलाय. आमच्या कॉलनीत दिवे बसवूनही तोच परिणाम साधला आहे, पण त्याचं कौतुक करायला कोणी येत नाही.

जंगल सुंदर आहे, यात वाद नाही. जुनाट खोडं, पायाखाली तांबूस पानांचा थर आणि मैलभर चाललं तर एखादं कुत्रं, त्याच्यामागे एखादा म्हातारा. म्हातारा "मॉर्निंग" म्हणतो, कुत्रं तेवढंही म्हणत नाही. मेव्हणा माझ्या कानाशी लागून कुजबुजला, "भावजी, ऐका. ऐका ही शांतता!" मी ऐकली. लांबून एक बारीक घुंऽऽ आवाज येत होता. तो एम 25 महामार्गाचा! लंडनभोवतीचा हा रस्ता जंगलाच्या कडेशी आला, तेव्हा 1980च्या दशकात तो बेल कॉमनजवळ जमिनीखालून नेला आणि वर पूर्ववत क्रिकेटचं मैदान केलं. खाली ट्रक, वर फलंदाज. हे काही रक्तातून झालेलं नाही, जंगल फोडू द्यायचं नाही असा कायदा होता म्हणून झालं. आणि तो कायदा कसा झाला, तीच खरी गंमत आहे.

तिथल्या झाडांकडे नीट बघितलं तर ती चमत्कारिक दिसतात. खोड माणसाच्या डोक्यापेक्षा थोडं वर जातं आणि तिथून एकदम दहा-बारा फांद्या फुटतात. ही निसर्गाची कलाकुसर नव्हे, गरिबांच्या कुऱ्हाडीची आहे. लाउटन गावच्या लोकांना हिवाळ्यात जळणासाठी फांद्या तोडायचा हक्क होता. खोडाला हात लावायचा नाही, ठरावीक उंचीच्या वरच्या फांद्या तेवढ्या छाटायच्या. आपल्या कोकणात राब भाजायला टहाळ तोडतात, त्याच जातीचा हा व्यवहार. शेकडो वर्षं माणसं फांद्या तोडत राहिली आणि म्हणूनच ती झाडं जगली.

मग एकोणिसाव्या शतकात लंडन फुगायला लागलं आणि जमिनीला भाव आला. शेजारच्याच हेनॉल्ट जंगलाला 1851 साली कायद्यानं मोकळं केलं आणि वाफेची यंत्रं लावून बघता बघता झाडं मुळासकट उपटली. एपिंगलाही जमीनदार कुंपणं घालू लागले. लाउटनचा जमीनदार तर गावचा धर्मगुरूही होता. म्हणजे जमीनही त्याची आणि त्याबद्दल देवाकडे गाऱ्हाणं घालायचं तर तेही त्याच्याचमार्फत! तिथे टॉमस विलिंगेल नावाचा एक म्हातारा लाकूडतोड्या उभा राहिला. 'हक्क आमचा' म्हणून फांद्या तोडत राहिला. त्याच्या घरची माणसं तुरुंगात गेली. 1865 साली सार्वजनिक जमिनी वाचवण्यासाठी निघालेल्या एका संस्थेनं त्याला वकील दिला. पण खटला चालू असतानाच, 1870 साली, म्हातारा वारला आणि खटलाही त्याच्याबरोबर गेला.

आता पुढचं वाचताना बँकेच्या माणसाच्या डोळ्यांत पाणी येतं. लंडन शहराच्या कॉर्पोरेशनला जंगल वाचवायचं होतं, पण कोर्टात उभं राहायला हक्क हवा. तो कागद कुठे सापडला? स्मशानात! शहराच्या गटार खात्यानं जंगलाच्या दक्षिणेला दफनभूमीसाठी एक शेत विकत घेतलं होतं. त्या शेताच्या कागदपत्रात जंगलात गुरं चारायचा हक्क लिहिलेला. खात्याकडे ना गाय ना वासरू, पण हक्क तो हक्क! 1871 साली गटार खात्याच्या नावानं जमीनदारांवर दावा लागला आणि 1874 साली न्यायमूर्ती जेसल यांनी कुंपणं बेकायदा ठरवली. एवढी ती 'रक्तातली शांतता', पण ती वाचली न चरलेल्या गुरांच्या जोरावर, स्मशानाच्या सातबाऱ्यावर आणि गटार खात्याच्या चिकाटीवर. पुढे 1878 साली एपिंग फॉरेस्टचा कायदा झाला. जंगल कायम मोकळं ठेवायचं, बांधकाम करायचं नाही, लोकांनी तिथे फिरावं. लाउटनकरांचा फांद्यांचा हक्क संपला, पण फुकट नाही. भरपाईच्या पैशातून 1884 साली गावात लॉपिंग हॉल उभा राहिला. तो आजही आहे.

हे 1878 साल कृपा करून लक्षात ठेवा, कारण त्याच वर्षी, त्याच राणीच्या राज्यात, आपल्याकडेही जंगलाचा एक कायदा झाला. इंडियन फॉरेस्ट ॲक्ट, 1878. लंडनच्या कायद्यानं जंगल लोकांचं केलं आणि इथल्या कायद्यानं लोकांचं जंगल सरकारचं केलं. राखीव, संरक्षित वगैरे खणांत जंगलं मांडली आणि ज्यांच्या आज्यापणज्यानं तिथे राब तोडला, गुरं चारली, त्यांचा हक्क हा गुन्हा झाला. लाउटनच्या लाकूडतोड्यांना हॉल मिळाला, ठाण्याच्या वारली-कातकऱ्यांना दंड. ओरड इतकी झाली, की ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या तक्रारींसाठी सरकारला 1880च्या दशकात कमिशन बसवावं लागलं. 1930 साली उरणजवळच्या चिरनेरला लोक जंगल सत्याग्रहाला उभे राहिले, तेव्हा गोळीबार झाला आणि माणसं मेली. आता बोला! हातात कुऱ्हाड घेऊन हक्क मागणारा माणूस इथे नव्हता, असं कोण म्हणतो? रक्त इथेही होतं. ते सांडलंसुद्धा.

इंग्लंडमधल्या पायवाटांचंही तेच. जंगलातून बाहेर पडलो की शेतं लागतात आणि शेतातून सार्वजनिक वाट जाते. कुंपणाशी लाकडी पायरी, खांबावर पिवळा बाण. शेतकऱ्याच्या उभ्या पिकातून तुम्ही चालत जाता आणि तो काही बोलू शकत नाही. एपिंग स्टेशनवरून निघालेली एक वाट तर ऐंशीएक मैल चालत हार्विच बंदराला पोचते. मेव्हणा म्हणाला, "बघा, काय समंजस लोक!" समंजस? 1932 साली तिकडे उत्तरेत, किंडर स्काउटच्या डोंगरावर शेकडो कामगार पोरं बंदी मोडून चढली, त्यातली पाच जण तुरुंगात गेली. पुढे 1949 साली वाटांची अधिकृत नोंद करणारा कायदा झाला. त्या पिवळ्या बाणामागे भांडखोर माणसांची एक रांग उभी आहे. आपण फोटो मात्र बाणाचा काढतो.

माझी तक्रार इंग्रजांवर नाहीच. ती आहे सुस्कारा टाकणाऱ्यांवर. गडावर स्पीकर घेऊन जाणाऱ्या पोरांची बाजू मी घेत नाही. त्यांचे स्पीकर दरीत टाकावेत आणि दरी स्वच्छ करायला त्यांनाच पाठवावं, या मताचा मी आहे. पण सुस्कारा हा त्या स्पीकरपेक्षा घातकी. स्पीकरची बॅटरी निदान संध्याकाळी संपते. 'रक्तातच नाही' म्हटलं, की माणूस स्वतः काही करण्यातून सुटतो. ऑक्टोबर 2019 मध्ये मुंबईत आरेला मेट्रोच्या कारशेडसाठी रातोरात झाडं तोडायला सुरुवात झाली. सुप्रीम कोर्टानं थांबवेपर्यंत दोन हजारांवर झाडं आडवी झाली होती. अडवायला गेलेल्या तरुणांना अटक झाली. आमच्या जेवणाच्या सुट्टीत यावर खल झाला, तेव्हा हेच सुस्कारेवाले पोळीभाजी खाता खाता म्हणाले, "यांना काही कामधंदे नाहीत का?" विलिंगेल लाउटनला झाला की तो वीर, गोरेगावला झाला की रिकामटेकडा!

कोणी म्हणेल, अहो, मेट्रो नको का? हवी ना. मी रोज लोकलला लोंबकळतो, मला मेट्रोचं महत्त्व शिकवू नका. एपिंगकरांनाही महामार्ग हवाच होता. फक्त तिथे जंगलाच्या बाजूनं बोलणारा कायद्याचा कागद आधीच हजर होता, म्हणून रस्त्यानं मान खाली घातली.

आणि असे कागद आपल्याकडे नाहीत, असंही नाही. 2006 साली वनहक्क कायदा झाला. त्याच्या आधारानं गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावानं 2009 साली आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. त्या गावाला कोणी लंडनला नेऊन शांतता दाखवली नव्हती. शहरातल्यांसाठी 1975 पासून झाडांच्या जतनाचा कायदा आहे. तोडायच्या झाडाच्या खोडावर नोटीस लागते आणि कोणीही साधा माणूस तिच्यावर हरकत घेऊ शकतो. आपण ती नोटीस 'भाड्याने खोली मिळेल' समजून पुढे जातो.

तेव्हा इंग्लंडला जरूर जा. फोटो काढा, चॉकलेटं आणा, आम्हालाही द्या. सुस्कारा मात्र विमानतळावरच ठेवून या आणि त्याऐवजी खिशात एक पेन असू द्या. हरकतीचा अर्ज मराठीत चालतो. अक्षर वाईट असलं तरी चालतं. फक्त खाली सही विसरू नका. बिनसहीचा कागद आम्ही बँकेतसुद्धा घेत नाही.