शांततेचे मोल : मॅक्झिम की डी लाइल?

१/५ रायफलींच्या सायलेन्सरांची तुलना निघाली, की दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश डी लाइल कार्बाइनला अग्रमान दिला जातो. हा निवाडा केवळ आवाजावर बेतलेला आहे. म्हणूनच तो अपुरा आहे.

२/५ गोळीबाराचे मुख्य आवाज दोन : नळीच्या तोंडातून उसळणाऱ्या वायूंचा, आणि ध्वनीपेक्षा वेगवान गोळीने हवेत उमटवलेला कडकडाट. सायलेन्सर दाबतो तो पहिला, दुसरा नव्हे.

३/५ मॅक्झिम मशीनगनच्या जनकाचे पुत्र हायरम पर्सी मॅक्झिम यांनी १९०९ मध्ये अमेरिकेत सायलेन्सरचे पेटंट मिळवले. त्यांचे आटोपशीर नळकांडे निरनिराळ्या रायफलींच्या तोंडावर बसे. शिकारीला चाले, नेमबाजीलाही. कडकडाट मात्र उरे.

४/५ डी लाइलने तोही टाळला. त्यासाठी ली-एनफिल्ड रायफलीच्या सांगाड्यात .४५ पिस्तुलाचे मंदगती काडतूस योजावे लागले. पल्ला घटला, शिवाय नळीभोवतीचा जाडजूड सायलेन्सर त्या एकाच शस्त्राचा बंदी झाला.

५/५ कमांडोंच्या गुप्त छाप्यासाठी डी लाइल अजोड होती, हे निर्विवाद. परंतु शस्त्राची थोरवी एकट्या डेसिबलांत मोजता येत नाही. काय कमावले आणि त्यापायी काय गमावले, हा हिशेब मांडावा लागतो. त्या हिशेबात मॅक्झिमच्या हलक्या नळकांड्याचेच पारडे जड ठरते.