आपली गाणी टिपून कोणी ठेवायची?



मागच्या महिन्यात सणाच्या तयारीला बसलो होतो, तेव्हा एक सूचना आली. मिस्सेला गायनमंडळ कशाला? मोबाइलवर तयार ट्रॅक मिळतात, स्पीकरला जोडले की झाले. बहुतेकांनी माना डोलावल्या. आम्ही गप्प राहिलो, आणि तीच टोचणी लागली आहे.

सिल्वासाचा आपला धर्मग्राम गोवा व दमण महाधर्मप्रांतात येतो, म्हणून उदाहरण गोव्याचेच घेतो. हळदोण्याचे आल्फ्रेड रोझ (1932-2003). कागदोपत्री आडनाव फर्नांडिस. अमेरिकेतले कंट्री गायक गिटार घेऊन स्वतःच लिहितात, चाल लावतात आणि गातात, तसेच हे कोंकणीतले. 1892 साली मुंबईत सुरू झालेल्या तियात्रात दोन प्रवेशांच्या मध्ये गाणी म्हणतात, त्यांना 'कांतारां' म्हणतात. कथेशी त्यांचा संबंध असलाच पाहिजे असे नाही. रोझ त्या रंगमंचावर वाढले. एच.एम.व्ही.ने त्यांच्या तबकड्या काढल्या. जुन्या 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. रंगमंचावर 'वन्स मोअर' मिळाला की गाणे कितीही लांबवता येई; तबकडीसाठी ते कापावे लागे. पुढे कॅसेट आली, खर्च आवाक्यात आला, आणि कोंकणी गाणी आखातात गेलेल्या गोंयकारांच्या बॅगांतून तिकडे पोहोचली. रोझ यांच्या पत्नी रीटा याही गायिका, घरच गाण्याचे.

गोव्याबाहेर हे नाव किती जणांना ठाऊक आहे? फार थोड्यांना. पण गोव्यात त्यांची गाणी आजही वाजतात, कारण कोणीतरी ती वेळेवर टिपून ठेवली.

आता आपली गोष्ट. आपल्या एका पाड्यावर एक आजोबा होते. नाताळ आला की वारलीत नवे गाणे जुळवायचे, तेही पायी चालताना. हार्मोनियमवाला सूर शोधेपर्यंत यांचे दुसरे कडवे संपलेले असे! पंधरा-वीस गाणी तरी असतील. आम्ही ती गायलो, टाळ्या दिल्या, कोणीच लिहून घेतली नाहीत. त्यांची वही पावसात भिजली आणि दोन वर्षांपूर्वी तेही प्रभूकडे गेले. खिशात मोबाइल आमच्याही होता. दोष आमचा.

कोणी म्हणेल, रेव्हरंड ना. वा. टिळक 1919 साली वारले, त्यांचा आवाज आपण कुठे ऐकला आहे? तरी त्यांची भजने गातोच ना! खरे आहे, पण ती 'उपासना संगीत'मध्ये छापली गेली म्हणून. वारलीतल्या गाण्यांना तेवढेही नशीब लाभले नाही.

ट्रॅक बेसूर होत नाही हे आम्हाला मान्य आहे. (आमचे तसे नाही, हे गायनमंडळाला चांगले ठाऊक आहे.) पण मागच्या बाकावरच्या आजीबाई मागे पडल्या तर ट्रॅक थांबत नाही. स्तोत्र 96 परमेश्वराला नवे गीत गायला सांगते. दुसऱ्याने दुसऱ्या गावी भरून ठेवलेल्या गाण्यावर ओठ हलवणे म्हणजे नवे गीत, असे आम्हाला वाटत नाही.

आजोबांच्या धाकट्या सुनेला तीन गाणी आठवतात. एकाचे शेवटचे कडवे मात्र निसटले आहे. येत्या रविवारी मिस्सेनंतर ती धर्मशिक्षणाच्या खोलीत गाणार आहे. आम्ही वही आणि मोबाइल घेऊन बसू. ते कडवे कोणाला येत असेल तर दहा मिनिटे थांबावे.