घरप्रपंच : मोठ्या पलंगावरचा मऊ थर



खानापूर तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचे यजमान आखातात नोकरीस असून नाताळाला घरी यावयाचे आहेत. "पलंगावर घालावयास मेमरी फोमचा टॉपर घे, पैसे पाठवितो," असे त्यांनी कळविले आहे. घरातील पलंग सासऱ्यांच्या वेळचा, लाकडी व सहा फूट रुंद. त्यावर दहा वर्षांची कापसाची गादी. सध्या त्या पलंगावर ह्या भगिनी, त्यांची आठ महिन्यांची मुलगी आणि गुडघ्यांनी अधू झालेल्या सासूबाई अशा तिघी झोपतात. "दोन इंचांचा घ्यावा की तीन इंचांचा?" एवढाच त्यांचा प्रश्न आहे.

प्रश्न लहान असला तरी त्याचे उत्तर इंचांत देता येत नाही. पलंग एक असला तरी त्यावर निजणारी माणसे तीन आहेत, आणि तिघींच्या गरजा तीन प्रकारच्या आहेत. म्हणून आज ह्या विषयाचा थोडा सविस्तर विचार करू.

टॉपर म्हणजे गादी नव्हे. गादीवर पसरावयाचा तो दोन ते चार इंचांचा एक थर होय. मेमरी फोम हा मूळचा बिछान्यासाठी निर्माण झालेला पदार्थही नव्हे. १९६६ साली अमेरिकेच्या नासा ह्या अंतराळ संस्थेसाठी काम करीत असता चार्ल्स योस्ट ह्या अभियंत्याने तो सिद्ध केला. विमानाच्या आसनावर बसणाऱ्याला धक्क्यापासून अधिक संरक्षण मिळावे हा त्यामागील हेतू होता. ह्या फोमचा विशेष असा की, अंगाच्या उबेने तो मऊ होतो, शरीराच्या आकाराप्रमाणे दबतो आणि भार निघाल्यावर सावकाश पूर्वपदावर येतो. खांदा, कंबर, टाच अशा टेकणाऱ्या जागांवरील दाब त्यामुळे अधिक जागेवर वाटला जातो. एकाने कूस बदलली तर शेजारच्याला हिसका बसत नाही, हाही मोठ्या पलंगावर त्याचा एक गुण आहे.

परंतु ज्या गुणामुळे तो शरीराचा आकार घेतो, त्याच गुणामुळे तो खालच्या गादीचाही आकार घेतो. गादीत खड्डा असेल तर टॉपरही त्या खड्ड्यात उतरेल. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी एक सोपी परीक्षा करावी. गादीवर आडवी दोरी ताणून धरावी आणि मध्यभागी दोरी व गादी ह्यांमधील अंतर पट्टीने मोजावे. ते एक इंचाहून अधिक भरले, किंवा हाताला कापसाच्या गाठी लागल्या, तर आधी गादीची दुरुस्ती करावी. आपल्या कापसाच्या गादीची थोरवी हीच की ती पुन्हा पिंजून नवी करता येते. गावात पिंजारी येत असेल तर त्याला बोलवावे. नाही तर बाजारात कापूस पिंजण्याचे यंत्र असलेल्या दुकानी ती न्यावी. पुष्कळदा एवढ्यानेच निम्मे दुखणे जाते आणि उरलेला पैसा घरात राहतो.

कठीण फळीवर निजल्यानेच पाठ बरी होते, अशीही एक समजूत आपल्याकडे आहे. २००३ साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जुनाट कंबरदुखीचे ३१३ रुग्ण त्यात होते. फार कठीण गादीपेक्षा मध्यम कठीण गादीवर निजणाऱ्यांस अधिक उतार पडल्याचे त्यात दिसून आले. तात्पर्य, फळी नको आणि दलदलही नको. टॉपर हे औषध नव्हे. दुखणे पायात उतरत असेल किंवा पायास मुंग्या येत असतील तर डॉक्टरांकडेच जावयास हवे.

आता मापाकडे वळू. "किंग" आणि "क्वीन" ह्या नावांवर विसंबू नये. आपल्याकडे किंग म्हणजे बहुधा ७२ इंच रुंद व ७८ इंच लांब. पण इंग्लंडात किंग म्हणतात तो ६० इंच रुंद, म्हणजे आपला क्वीन, आणि अमेरिकेतील किंग ७६ इंचांचा. त्यातून आपले पलंग गावच्या सुताराने केलेले. तेव्हा गादीची लांबी व रुंदी प्रत्येकी तीन ठिकाणी मोजावी, सर्वांत लहान आकडा धरावा आणि तो कागदावर लिहून दुकानी न्यावा.

जाडीविषयी साधारण नियम असा. बेताच्या वजनाच्या माणसास दोन इंच पुरतात. अंगाने भारी असलेल्यास, किंवा कुशीवर निजून खांदा व कंबर दुखणाऱ्यास, तीन इंच बरे. पोटावर किंवा पाठीवर निजणाऱ्यास फार जाड थर नको. त्याची कंबर खाली जाते.

जाडीपेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे घनता. एक घनमीटर फोमचे वजन किती, ते म्हणजे घनता. बऱ्या प्रतीच्या मेमरी फोमची घनता सुमारे ५० ते ८० किलो असते. साधा हलका फोम 'मेमरी' म्हणून कोणी गळ्यात घातला तर ओळखावयाचे कसे? त्यासाठी तराजू पुरेसा आहे. लांबी, रुंदी व जाडी ह्या तिन्हींचे इंच एकमेकांशी गुणावेत आणि त्यास ६१,००० ने भागावे. म्हणजे घनमीटर मिळतात. ७२ × ७८ × २ म्हणजे ११,२३२, भागाकार ०.१८४. घनता ५० असेल तर ह्या टॉपरचे वजन सुमारे ९.२ किलो भरले पाहिजे, आणि तीन इंचांचा असेल तर सुमारे १३.८ किलो. दोन इंचांचा टॉपर साडेचार किलोच भरला, तर त्याची घनता २५ च्या आसपास आहे असे समजावे, मग वेष्टनावर काहीही छापलेले असो. वजन खोळीशिवाय करावे. शिवाय तळहाताने दाबून पाहावे: साधा फोम हात काढताच उसळतो, मेमरी फोमवरील ठसा सावकाश भरून येतो. काही टॉपरांत वर एक इंच मेमरी फोम आणि खाली साधा फोम असतो; म्हणून "ह्यात मेमरी फोम किती इंच?" असे स्पष्ट विचारावे आणि उत्तर पावतीवर लिहून घ्यावे.

हवामानाचाही विचार हवा. हा फोम उष्णतेने मऊ होतो आणि थंडीत घट्ट होतो. खानापूरच्या पौषातील थंडीत तो पहिली काही मिनिटे कडक लागेल. गोव्याच्या एप्रिल-मेमध्ये तो अंगाची ऊब धरून ठेवील. 'जेल' घातलेला फोम प्रारंभी गार लागतो, पण तो गारवा रात्रभर टिकत नाही. उकाड्याच्या प्रदेशात जाडी बेताची ठेवावी आणि वर सुती चादर घालावी, हाच सरळ उपाय. आपला पावसाळाही ध्यानात असावा. टॉपर व गादी ह्यांमध्ये दमटपणा साठून बुरशी धरते. म्हणून आठवड्यातून एकदा तरी तो उचलून उभा करावा.

येथे सासूबाईंचा प्रश्न येतो. गुडघे अधू असलेल्या माणसास फार मऊ अंथरुणावरून उठणे, इतकेच काय, कूस बदलणेही जड जाते. शिवाय तीन इंचांच्या थराने पलंग तितका उंच होतो. काठावर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकतात की नाही, हे टॉपर घेण्यापूर्वीच पाहावे. गादीवर तेवढ्या जाडीची घोंगडी-चादरींची घडी ठेवून त्यांना बसवून पाहिले की झाले. पाय लोंबकळत असतील तर रात्री अंधारात उठताना पडण्याचे भय आहे. आणि घरात कोणी अंथरुणास खिळलेले असेल, तर टॉपर घातला म्हणजे पाठीला जखमा होणार नाहीत अशा भ्रमात कोणीही राहू नये. डॉक्टर अथवा परिचारिका सांगतील त्या वेळेस कूस बदलवणे, त्वचा कोरडी ठेवणे, रोज पाठ व टाचा पाहणे, ही सेवा फोम करू शकत नाही. ती माणसानेच करावयाची असते.

ह्याहूनही गंभीर गोष्ट आठ महिन्यांच्या बाळाची. एक वर्षाच्या आतील मुलाला मेमरी फोमवर कदापि निजवू नये. मोठ्यांना जे मऊ तेच तान्ह्याला घातक. पालथे झालेले मूल त्या मऊपणात नाक-तोंड रुतवते आणि मान उचलून बाजूला होण्याइतके बळ त्याच्या अंगी नसते. श्वास कोंडतो, आणि शेजारी निजलेल्या आईला आवाजही येत नाही. शेजारच्या मोठ्या माणसाच्या भाराने पडलेल्या खळगीत ते घरंगळतही जाते. तान्ह्याचे अंथरुण आईच्या खोलीतच, पण वेगळे, सपाट व घट्ट असावे. त्यावर उशी किंवा जाड दुलई नसावी आणि मुलाला पाठीवर निजवावे. पत्रलेखिका भगिनीने हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

टॉपर घेतलाच तर त्याची निगा कशी ठेवावी? आपल्याला गादीला कडक ऊन देण्याची सवय आहे. ती येथे चालत नाही. उन्हाने हा फोम पिवळा पडतो व त्याचा भुगा होऊ लागतो. त्याला सावलीत वारा द्यावा. तो पाण्यात भिजवू नये. चेन लावलेली सुती खोळ घ्यावी व तीच धुवावी. नवा टॉपर गुंडाळून येतो. तो उघडून दोन-तीन दिवस हवेशीर खोलीत ठेवावा, म्हणजे पूर्ण फुगेल आणि नवेपणाचा वासही जाईल. आणखी एक गोष्ट: हा फोम पेटला तर झपाट्याने पेटतो व त्याचा धूर विषारी असतो. पलंगाखाली डासांची कॉइल लावून निजू नये. अल्तार निजण्याच्या खोलीत असेल तर जपमाळ संपल्यावर मेणबत्ती विझल्याची खात्री करून मगच अंथरुणावर पडावे.

मोठ्या पलंगासाठी शेवटची एक सूचना. अखंड टॉपरऐवजी ३६ × ७८ इंचांचे दोन शेजारी घालता येतात. दोन इंचांचा प्रत्येक तुकडा सुमारे साडेचार किलोचा; एकट्या गृहिणीला तो सहज उचलता येतो. एकास मऊ व एकास घट्ट असेही करता येते. मध्ये फट राहते खरी, पण वरून एकच चादर घट्ट खोचली की ती फारशी जाणवत नाही.

तेव्हा भगिनी, आमचे उत्तर असे. पहिला खर्च बाळाच्या वेगळ्या अंथरुणाचा करा. दुसरा कापूस पिंजून घेण्याचा. त्यानंतर महिनाभर निजून पाहा. तरीही गरज वाटली तर दोन इंचांचे दोन वेगळे टॉपर घ्या, आणि सासूबाईंना बसवून, निजवून, त्यांना विचारून मगच त्यांच्या बाजूचा घाला. त्यांनी नको म्हटले तर एकच घ्या. यजमानांना हे पत्राने कळवा. परदेशात राबून मिळविलेला पैसा विचाराने खर्च होतो आहे हे वाचून त्यांना समाधानच वाटेल.

पक्षाघाती माणसाला खाटेवरून प्रभूकडे नेल्याची हकिकत आपण मिस्सामध्ये अनेकदा ऐकतो. ती खाट मऊ होती की कठीण, हे शुभवर्तमानकारांनी सांगितलेले नाही. ती चौघांनी उचलली होती, एवढे मात्र संत मार्क आवर्जून सांगतो. आपल्याही घरच्या पलंगाला चार कोपरे आहेत. त्यावर काय अंथरावे ह्याचा विचार अवश्य करावा. पण रात्री हाक आली असता उठणारे कोणी आहे, हा विश्वास निजणाऱ्याला देणे हे त्याहून मोठे काम आहे, आणि त्यास पैसे पडत नाहीत.