हरीण वजा केल्यावर उरतं ते धनुष्य

गेल्या महिनाभरात घरातल्या तीन जणांनी मला एकाच व्हिडिओची लिंक पाठवली. कुणीतरी अमेरिकन माणूस झाडावर मचाण बांधून बसलाय, अंगावर पानापानांचे कपडे, हातात काळं कंपाउंड धनुष्य, खाली हरीण. भाचा सोळा वर्षांचा. त्याला अगदी तस्संच धनुष्य हवंय, आणि भाऊजी पैसे मोजायला तयार आहेत. ‘तू त्यातला माहीतगार’ म्हणून मला विचारणा. माझी माहितगारी एवढीच, की मुलगी चार वर्षं साताऱ्यात तिरंदाजी शिकली आणि मी मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसलो. पण चार वर्षं नुसतं बसून राहिलं तरी माणसाला मतं फुटतातच!

तर माझं मत. त्या व्हिडिओतल्या धनुष्यात जे जे आहे, ते हरणासाठी आहे. बाण हरणाच्या बरगडीतून आरपार जायला हवा, म्हणून साठ-सत्तर पाउंडांचा ताण. मचाणावर अडचणीत वळायचं असतं, म्हणून लांबीला आखूड. दिसू नये म्हणून पानांची नक्षी. बाणाच्या टोकाला पाती आहेत ती रक्तस्राव लवकर होऊन जनावर फार न तडफडता मरावं म्हणून. आता यातून हरीण वजा करा. काय उरतं? सोळा वर्षांचा, काडीसारख्या दंडांचा एक मुलगा आणि सत्तर पाउंड, म्हणजे सुमारे बत्तीस किलोंचा ताण.

आणि हरीण वजा करायचंच आहे, त्यात चर्चा नाही. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकार बंद झाली. आमच्या कोयनानगरला तर जंगल उंबऱ्याशी आहे. 1985 साली अभयारण्य झालं, 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. या कायद्यात ‘शस्त्र’ शब्दाची जी व्याख्या दिली आहे, तिच्यात बंदुकीच्या जोडीने धनुष्यबाणाचं नाव स्पष्ट आहे, आणि लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात पाऊलही टाकता येत नाही. मारणं सोडा, मारायचा प्रयत्नसुद्धा शिकारच धरतात. अभयारण्यातल्या शिकारीला तीन ते सात वर्षं कैद आहे. त्यामुळे ‘मामा, नुसता सराव करतो की धरणाच्या वरच्या रानात’ हे वाक्य माझ्यासमोर पुन्हा नको. (ताई, तू हे वाचून फोन करणार, ठाऊक आहे. कर.)

मिशिगनच्या आतेभावाचं वेगळं. तिथे परवाना काढून बाणाने हरीण मारणं कायदेशीर आहे, मला ते पटो न पटो. पण त्यालाही मी हेच म्हणेन, की पहिलं वर्ष गवताच्या ढिगावर काढ. जड धनुष्य ओढताना ज्याचा हात थरथरतो, त्याचा बाण हरणाच्या पोटात शिरतो. मग ते जनावर रात्रभर रानात लंगडत फिरतं.

गंमत अशी, की कंपाउंड धनुष्य मुळात शिकाऱ्यासाठीच जन्मलं. मिसुरीच्या होलेस विल्बर अ‍ॅलन नावाच्या गृहस्थांनी धनुष्याच्या टोकांना कप्प्या बसवल्या आणि 1969 साली त्याचं पेटंट मिळवलं. कप्प्यांमुळे पूर्ण ओढल्यावर ताण एकदम उतरतो. साठ पाउंडांचं धनुष्य ओढून धरताना पंधराएक पाउंडच जाणवतात, त्यामुळे निवांत नेम धरता येतो. तेच हत्यार फिरत फिरत आमच्या सातारा जिल्ह्यात आलं. ऑगस्ट 2023 मध्ये बर्लिनला सतरा वर्षांच्या अदिती स्वामीने अंतिम फेरी 149–147 अशी जिंकली, आणि साताऱ्यातच सराव करणाऱ्या ओजस देवतळेने त्याच दिवशी 150 पैकी 150 मारले. तिरंदाजीत वैयक्तिक जगज्जेतेपद भारताला त्याआधी कधी मिळालं नव्हतं. आता 2028च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र दुहेरीही असणार आहे. जगातल्या सगळ्या हरणांना बाजूला ठेवून हे धनुष्य ऐंशी सेंटीमीटरच्या कागदाकडे वळलं, पन्नास मीटरवरून. मला तरी ही प्रगती वाटते. :)

बरं, मग घ्यायचं काय?

आधी डोळा. दोन्ही हातांच्या पंज्यांत एक छोटी फट करून लांबच्या दिव्याकडे बघायचं आणि एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला दिवा फटीतच दिसत राहतो, तो मुख्य. धनुष्य उजवं की डावं हे त्यावरून ठरवायचं, जेवायच्या हातावरून नाही.

मग लांबी. दोन्ही हात आडवे पसरून बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत मोजा आणि अडीचने भागा. भाच्याचे 165 सेंटीमीटर भरतील, म्हणजे 66 सेंटीमीटर, सव्वीस इंच. दुकानात टांगलेली धनुष्यं बहुधा उंचापुऱ्या माणसाच्या मापाची लावलेली असतात. लांब मापाचं घेतलं की पोरगं मागे कलून उभं राहतं आणि ती खोड पुढे जाता जात नाही.

आणि ताण. इथे मी हट्टीच आहे. अंगाने किरकोळ मुलाने तीस पाउंडांच्या आसपास सुरुवात करावी. कमी-जास्त करता येणारं धनुष्य घ्यावं, म्हणजे मुलाबरोबर तेही वाढतं. परीक्षा सोपी आहे. खुर्चीवर बसायचं, धनुष्य समोर धरायचं आणि आभाळाकडे न उचलता सरळ मागे ओढायचं. जमलं नाही तर ते धनुष्य आपलं नाही, कितीही देखणं असो. एका दुकानदाराने मुलीच्या वेळी ‘घ्या हो साठचं, सवय होईल’ असं सुचवलं होतं. साठ पाउंड म्हणजे सत्तावीस किलो. एका संध्याकाळी शंभर बाण मारले तर सत्तावीसशे किलो ओढले, म्हणजे पन्नास किलोची चौपन्न पोती! ही सवय कोणाला होते? खांद्याच्या डॉक्टरला होते. स्पर्धेतसुद्धा कंपाउंडला साठच्या वर परवानगी नाही.

वाचलेले पैसे बाणांवर घाला. बाण किती लवचिक हवा हे धनुष्याच्या ताणावर आणि बाणाच्या लांबीवर ठरतं. चुलतभावाने दिलेले उरलेसुरले सहा बाण सहा दिशांना जातात, आणि पोराला वाटतं आपलाच नेम वाईट. कार्बनचा बाण मारण्यापूर्वी दर वेळी वाकवून कान लावायचा. चिरलेला बाण सुटताना फुटतो आणि थेट हातात घुसतो. शिवाय बाण न लावता नुसती दोरी ओढून सोडायची नाही, पाहुण्यांना दाखवायलाही नाही. बाणाने न्यायची ती सगळी ताकद मग धनुष्याच्याच अंगात जिरते, आणि ते मोडतं.

पैशांचं उघडच बोलतो. स्पर्धेचं पूर्ण साहित्य दोन-तीन लाखांच्या घरात जातं. अदितीच्या वडिलांनी साहित्यासाठी कर्ज काढल्याचं तेव्हा वर्तमानपत्रांत आलं होतं. पण ते मुलीचा हात बसल्यावरचं कर्ज. भाऊजी पहिला बाण सुटायच्या आधीच पाकीट काढून बसलेत. त्यांनी आधी सहा महिने साताऱ्याची फी भरावी, तिथल्या धनुष्यावर हात बसू द्यावा. इथून सुमारे शंभर किलोमीटर आहे हे खरं. शनिवार-रविवार राहायला मावशी आहेच. परसात सराव करायचा हट्ट असेल तर मागे मातीचा उंच बांध हवा. चुकलेला बाण दोनशे मीटरच्या पुढे सहज जातो, आणि आमच्या मागच्या शेतात बायका भात लावत असतात.

राहता राहिला आमचा पाऊस. जून ते सप्टेंबर इथे कपडे वाळत नाहीत, तिथे बांबूचं धनुष्य काय टिकणार! कंपाउंड तग धरेल, पण दोरीला मेण लावत राहा, बाणाला खऱ्या पिसांऐवजी प्लॅस्टिकची घ्या, आणि मे महिन्यात बंद गाडीत ते विसरू नका. पानांच्या नक्षीचं म्हणाल, तर साध्या काळ्या रंगाचं घ्या. हिरवं धनुष्य गवतात ठेवलं की शोधण्यात अर्धी संध्याकाळ जाते.