क्लोरीन नको म्हणण्याआधी

‘नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनमुळे कॅन्सर होतो’ असे मेसेज मोहल्ल्याच्या ग्रुपवर अधूनमधून येतात. मला ते सरळ खोटे म्हणता येत नाहीत, अडचण तिथेच आहे. पाण्यात कुजलेला पालापाचोळा, शेवाळ यांचे अंश असले की क्लोरीनशी संयोग होऊन ट्रायहॅलोमिथेन तयार होतात. १९७४ साली योहानेस रूक यांनी रॉटरडॅमच्या पाण्यात ते दाखवून दिले. असे पाणी वर्षानुवर्षे पिणाऱ्यांत मूत्राशयाचा कॅन्सर काहीसा जास्त असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे.

म्हणून क्लोरीन बंद करायचे? आपल्या कितीतरी वस्त्यांत पाणी तास-दोन तास येते. बाकी वेळ रिकाम्या पाइपात गटाराचे पाणी झिरपते, आणि तिथे उरलेसुरले क्लोरीनच राखण करते. कॉलरा वीस वर्षे थांबत नाही. लेकराला एका दिवसात नेऊ शकतो.

भांडायचे ते गाळणीसाठी. क्लोरीन टाकण्याआधी पाणी नीट निवळले, गाळले, तर ट्रायहॅलोमिथेन कमी बनतात. आपल्या आयएस १०५०० मानकात एकट्या क्लोरोफॉर्मला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. अमेरिकेत चारही ट्रायहॅलोमिथेन मिळून मर्यादा ०.०८. आपल्या नळाला यातले किती येते? आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात लॉग पाहिल्याशिवाय कोणी वाद घालत नाही. इथे तो लॉग पालिकेकडे असायला हवा. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, उत्तराची मुदत तीस दिवस. गेल्या वर्षभराचे अहवाल मागा. ट्रायहॅलोमिथेन तपासतच नसाल तर तसे लेखी कळवा, हेही त्याच अर्जात लिहा.